हस्तिदंती गाऊन आणि पाच चाळीसची गाडी

२ मार्च, सोमवार
लग्न ठरवताना सासूबाई म्हणाल्या होत्या, "मुलीचं उभं राहणं छान आहे." बावीस वर्षं झाली, पण हे वाक्य मी जपून ठेवलंय. आज त्याचं चीज झालं. वन्संच्या समितीनं जखमी सैनिकांच्या इस्पितळासाठी फॅशन शो ठरवलाय. गाऊन मोठ्या शिवणघराचे, घालून चालणार ओळखीतल्याच बायका, आणि चालून झालं की तिथल्या तिथे गाऊनचा लिलाव. शेवटचा, हस्तिदंती रंगाचा, मला. वन्सं म्हणाल्या, दुसरं कुणी मोकळं नव्हतं. तोंडावर कौतुक करायचा त्यांचा स्वभावच नाही.
हे म्हणाले, गाऊनमध्ये तर तुला रोजच बघतो. दुर्लक्ष केलं.

५ मार्च
टेलरबाई मापाला येणार होत्या. तसदी नको म्हणून लग्नातल्या कपड्यांच्या मापाची चिठ्ठीच पाठवली. शोला अजून सतरा दिवस हातात आहेत. साखर तशीही रेशनवर, म्हणजे निम्मं काम सरकारच करणार.
लेकीनं युद्धावरच्या नर्सिंगला नाव दिलंय. आधी चित्रकला, मग पोहणं, आता हे. पत्रक वाचलं. पस्तिशीच्या आतल्याच बायका घेतात. नाहीतर मीही गेले असते.

९ मार्च
साखर उद्यापासून बंद. आज समितीची बैठक होती. देशकार्याच्या बैठकीत बिस्किटाला नाही म्हणणं बरं दिसत नाही.

१४ मार्च, शनिवार
ट्रायल. पाठीवर चार बोटं फट राहिली. टेलरबाईंचं म्हणणं, "बाईसाहेब, माप कागदाचं घेत नाहीत, माणसाचं घेतात." कापड आता मिळायचं नाही, लढाई आहे. पण टेलरबाईंची बोटं जाड आहेत, हे कुणी लक्षात घेत नाही.
घरी आले तर लेकीच्या हातात रुजू व्हायचा हुकूम. बावीस तारखेची पाच चाळीसची गाडी. म्हणजे शोच्याच दिवशी. म्हटलं, दुसऱ्या दिवशीची घे. ती म्हणाली, "आई, जखमी माणसाला उद्या ये म्हणायचं का?" आगाऊ आहे. माझ्यावर गेली आहे.
हिशोब केला. शो चारला. मी शेवटची, म्हणजे फार तर पाच. स्टेशन दहा मिनिटांवर. सगळं व्यवस्थित बसतंय.

१९ मार्च
लेक ट्रंक भरते आहे. मी मदतीला गेले आणि तिला गाऊनमधली चाल दाखवली. ती बघत राहिली. बहुतेक भारावली.

२२ मार्च, रविवार, दुपारी साडेतीन
कपाटावर वही टेकवून उभ्यानं लिहिते आहे. बसायची बंदी आहे. फट चार बोटंच राहिली, तेव्हा टेलरबाईंनी खिडकीच्या ब्लॅकआउटच्या काळ्या पडद्याची पट्टी काढली आणि गाऊन माझ्या अंगावरच शिवून टाकला. श्वास अर्धा घ्यायचा. वाकायचं नाही. वन्संनी दोनदा बजावलं, "अगं, काही झालं तरी पाठ फिरवू नकोस. परत येताना उलट्या पावली ये."
सकाळी मी घरून निघताना लेक म्हणाली, "आई, स्टेशनवर ये. काही आणू नकोस. नुसती ये."
जाणारच आहे.

रविवार, संध्याकाळी सात
बाकीचे गाऊन हातोहात गेले. माझ्या वेळी एकही हात वर होईना. वन्सं हळूच म्हणाल्या, "हात वर होईपर्यंत हलू नकोस." उभी राहिले. समोरच्या घड्याळात पाच दहा. मग पाच वीस.
वन्संना म्हटलं, मला जायचंय, लेकीची गाडी आहे. त्या लोकांकडे बघून हसत म्हणाल्या, "बघा बाई, ही आई तुमच्यासाठी अडकली आहे. सोडवतंय का कुणी?" लोकही हसले. हात कुणी वर केला नाही.
दरवाजा माझ्या मागे होता, पायऱ्या उतरून; तिथे उलट्या पावलीचं जमणार नव्हतं. जायचं तर पाठ फिरवायला हवी होती. मी छान उभी राहिले.
पाच चाळीसला शिट्टी झाली. हॉलमध्ये स्वच्छ ऐकू आली. तेव्हा मी वळले.
काळी पट्टी सगळ्यांना दिसली. पहिल्या रांगेतल्या एका बाईंना वाटलं, ती गेलेल्या जवानांसाठी आहे. त्या उठून उभ्या राहिल्या आणि त्यांनी हात वर केला. मग आणखी सहा-सात हात.
म्हणजे पाच दहालाच वळले असते, तर हात तेव्हाच वर झाले असते आणि गाडी सुटायच्या आत मी स्टेशनवर असते.
टेलरबाईंनी टाके उसवले. कात्री चालवताना एकदाच विचारलं, "पोरगी भेटली का?" मी मान हलवली. कशी हलवली, ते त्यांना कळलं असावं, कारण मग त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. बोटं जाड नाहीत त्यांची.

२३ मार्च, सोमवार
मुख्य परिचारिकाबाईंना पत्र टाकलं. नक्कल इथे ठेवते.
"माझी मुलगी आपल्याकडे येते आहे. मला चव्वेचाळीस पूर्ण आहेत, तेव्हा नियमात बसत नाही. नर्सिंगचं शिक्षण झालेलं नाही. बँडेज बांधता येत नाही. बराच वेळ उभं राहता येतं, पण त्याचा उपयोग होतो असं दिसत नाही. फरशी पुसायची असेल तर वाकायला शिकेन. गणवेशासाठी माप सोबत आहे, ते आजचं आहे आणि टेलरबाईंनी घेतलेलं आहे. आपण नाही म्हणाल, हे धरूनच लिहिते आहे. तरी मला येऊ द्या."