आजीच्या खोलीतलं झाड

प्रिय लीविया,

तुझी चिठ्ठी परवा मिळाली. "चोवीस तारखेला संध्याकाळी जेवायला ये, नाताळचं झाड असेल, त्यावर एक अक्षर बोलायचं नाही." दोन वर्षांपूर्वी तुझं झाड पाहून मी कोट न काढताच परत फिरलो होतो आणि माझी नात, तुझी रेका, दारात रडत उभी राहिली होती. त्यानंतरचं हे पहिलं बोलावणं. मला यायचं आहे, हे आधी लिहून टाकतो. पण होकार देण्यापूर्वी तुला एक गोष्ट सांगायला हवी. ती वाचून बोलावणं मागे घ्यावंसं वाटलं तर घे.

माझं मत बदललेलं नाही. बदललं असतं तर हे पत्र सोपं झालं असतं. आपल्या ज्यू समाजाच्या सभागृहात मी दर डिसेंबरला या झाडांविरुद्ध बोलतो. लहानपणी तू पहिल्या रांगेत बसून जांभया द्यायचीस. हल्ली मी आत शिरलो की म्हातारा मिक्शा मागून ओरडतो, "आली रे कुऱ्हाड, झाडं लपवा!" सगळे हसतात. हसू देत. ज्या शहरात महायुद्धात आपल्या माणसांना डॅन्यूब नदीच्या काठावर उभं करून मारलं, त्या शहरात उरलेल्यांनी दिवाणखान्यात येशूच्या जन्माचं झाड उभं करावं आणि वर म्हणावं की ही नुसती सजावट आहे! मला हे पटत नाही, पटणार नाही. शेजाऱ्यांच्या घरात ते झाड सुंदर दिसतं, कारण तिथे ते खरं आहे. आपल्याकडे हनुक्का सणाचे आठ दिवे आहेत. ते खिडकीत लावायचे असतात, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावेत म्हणून. आपण ते कपाटात ठेवले आणि खिडकीत झाड लावलं.

तुला वाटतं, मला झाडाचा पहिल्यापासून राग आहे. चौदाव्या वर्षापर्यंत ते माझ्याइतकं कुणालाच आवडत नसेल. चोवीस डिसेंबरला दुपारी आई दिवाणखान्याचं दार लावून घ्यायची. आतून घंटी वाजली की समजायचं, बाळ येशू झाड ठेवून गेला. फांद्यांना टांगलेली मिठाई मी हळूच खायचो आणि चांदीचा कागद पुन्हा तसाच फुगवून ठेवायचो. त्या संध्याकाळी आई पडदे उघडे ठेवायची. मला वाटायचं, बर्फ दिसावा म्हणून. मग एकदा शाळेत मी झाडाची बढाई मारत होतो, तर एक मुलगा म्हणाला, "तुला रे कशाला झाड? तू तर ज्यू. अख्ख्या गल्लीला माहीत आहे." गल्लीला माहीत होतं, मला नव्हतं. घरी येऊन विचारलं तेव्हा आई भांडी घासत होती. मागे न वळता म्हणाली, "हात धू आणि जेवायला बस." पुढच्या डिसेंबरातही तिने झाड सजवलं, पडदे उघडे ठेवले. ते कुणासाठी, हे आता मला कळत होतं.

तू एकदा म्हणालीस, "बाबा, तुझ्यासाठी ते आजीचं खोटं असेल. माझ्यासाठी ते आजीचं घर आहे. तिच्या मांडीवर बसून मी ती मिठाई खाल्लीय." मी आवाज चढवला. ते मला चांगलं जमतं.

गेल्या डिसेंबरात माझ्या आईने अंथरूण धरलं होतं. रेकाला कांजिण्या आल्या, त्यामुळे तुला तिच्याकडे जाता येईना. तू जिन्याखाली येऊन हातभर उंचीचं झाड आणि शोभेच्या काचेच्या गोळ्यांची पेटी माझ्या हातात दिलीस. म्हणालीस, "भाषण नको, बाबा. फक्त लाव. तिने मागितलंय." मी ते सगळं तिच्या दाराबाहेर जिन्यात ठेवलं आणि आत गेलो. तिने विचारलं, "आणलंस का रे?" आणि मी बोलायला लागलो. एक्क्याण्णव वर्षांच्या बाईला मी सांगितलं की घाबरायचे दिवस गेले, आता कुणाला काही दाखवायचं नाही. जिला अकराव्या वर्षी खोट्या नावाने परक्या घरात लपावं लागलं, तिला मी भीती समजावून सांगत होतो! तिने सगळं ऐकून घेतलं. सभागृहातही कुणी इतकं शांतपणे ऐकत नाही. मग म्हणाली, "झालं? घसा कोरडा पडला असेल. पाणी पी." आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. जाताना मी झाड पेटीसकट खाली कचऱ्याच्या डब्यांजवळ ठेवलं. दुसऱ्या दिवशी ते तिथे नव्हतं. कुणाच्या तरी घरी गेलं असेल.

त्याच संध्याकाळी तुझा फोन आला. "लावलंस? काय म्हणाली?" मी म्हणालो, लावलं. म्हणालो, हसली. दहा दिवसांनी ती गेली आणि तू माझ्या गळ्यात पडून म्हणालीस, निदान तेवढं तरी तिला मिळालं. तेव्हाही मी गप्प राहिलो. आता तुझ्या चिठ्ठीत शेवटी लिहिलं आहे, "पणजी झाड पाहून कशी हसली ते रेकाला तू सांग. तिला तुझ्याच तोंडून ऐकायचंय." लीविया, आयुष्यात मी एकच झाड लावलं, तेही फोनवर. ती झाड का मागत होती, भीतीने, सवयीने की तिला नुसतं आवडायचं म्हणून, ते मी विचारलंही नाही. तुझ्या झाडासमोर मी गप्प बसेन, शब्द देतो. पण रेकाने विचारलं तर पणजी हसली असं मला सांगता येणार नाही. हे तिच्यासमोर पहिल्यांदा तुझ्या कानावर पडू नये, म्हणून लिहिलं. आता सांग, मी येऊ का?

तुझाच,
बाबा