कानातला कापूस आणि कुंपणापलीकडचे हात

बाबा, आज सकाळी तुमच्या नातीच्या दोन्ही कानांचे साचे काढून आणले. कानाच्या डॉक्टरीणबाईंनी तिच्या कानांत गुलाबी लगदा भरला, तो घट्ट झाल्यावर अलगद बाहेर काढला. तिचेही कान माझ्याच वळणाचे, म्हणून त्यावरून आता तिच्यासाठी पोहताना घालायची बुचे तयार होतील. पाणी अडेल, पण आवाज बराचसा आत येईल, असे त्या म्हणाल्या. प्रस्तुत समारंभास मी कुलप्रमुख या नात्याने उपस्थित होतो. म्हणजे लेकीची पिशवी मांडीवर घेऊन कोपऱ्यातल्या स्टुलावर बसलो होतो. आणि तिथे बसल्या बसल्या मला आपल्या नाहूरच्या खोलीतले स्वयंपाकघर दिसू लागले, व्हॅसलीनची डबी दिसली, आणि माझा डावा कान आपोआप खांद्याकडे झुकला.

ऐंशीच्या दशकातली ती रविवारची सकाळ. मी दुसरीत आहे. माझे डावे श्रवणेंद्रिय जन्मापासूनच वाहत्या प्रकृतीचे, आणि पडद्याला बारीक भोक. डॉक्टरांनी बजावले आहे की आत पाणी शिरले, पू झाला, भोक वाढले, तर हा कान कायमचा जाऊ शकतो. लसणीचे कोमट तेल घालण्याच्या आईच्या परंपरागत उपचारावरही त्यांनी त्याच दिवशी बंदी आणली, याबद्दल आईने त्यांना शेवटपर्यंत क्षमा केली नाही. सुज्ञ मनुष्याने अशा मुलाला बादलीपासूनही लांब ठेवले असते. परंतु तुम्ही खाडीकाठचे. 'कोकणातलो झील आणि पाण्याक भियाता?' हा तुमचा सिद्धान्त, म्हणून मला पोहायला शिकवायचे ठरलेले. त्यावर आई पोळी उलटता उलटता म्हणते, 'बुडाचो नाय, पण बहिरो होतलो. मगे घरात बहिरे दोन. मी बोलतलंय कोणाशी?' हे वाक्य तुम्हाला ऐकू गेले नाही, किंवा गेले. भांडुपच्या कारखान्यातल्या पत्रा कापणाऱ्या प्रेसने तुमची श्रवणशक्ती तोवर बरीचशी गिळलेली होती, त्यामुळे आम्हाला कधीच खात्री नसे आणि तुमची मात्र सोय होत असे.

शेवटी डॉक्टरांनी तह घडवून आणला: व्हॅसलीन लावलेला कापूस, वर घट्ट टोपी, उडी नाही, डोके पाण्याखाली नाही. त्या तहाचे पालन तुम्ही एखाद्या श्रौत विधीसारखे केलेत. आधी हातांचे ग्रीस साबणाने दोनदा धुणे. मग मला पाटावर बसवून कान वर आणि मागे ओढणे. कापसाचा बोळा व्हॅसलीनमध्ये मळून, 'हलां नको रे' म्हणत, तुमच्या त्या रापलेल्या बोटांनी इतका हळुवार बसवणे, की ती बोटे दुसऱ्या कुणाची तरी उसनी आणली असावीत असे वाटावे. वर टोपी, आणि टोपीवर सायकलच्या जुन्या ट्यूबचा कापलेला पट्टा. परत आल्यावर बोळे काढून तुम्ही तुमचे मनगटी घड्याळ माझ्या डाव्या कानाला लावायचात. 'आयकाक येता?' मी होय म्हणायचो. ती टिकटिक तुम्हाला स्वतःला ऐकू येत नसे. म्हणून घड्याळ चालू आहे ना, याची तुम्ही आधी सेकंदकाट्याकडे पाहून खात्री करून घेत असा.

आता प्रश्न उरला तो संभाषणाचा. कापूस घातलेल्या मुलाला कुणाची हाक ऐकू येणार? यावर तुम्ही कारखान्याचेच शास्त्र लागू केलेत. प्रेस चालू असताना तिथे कुणी कुणाशी तोंडाने बोलतच नसे, सगळे हातांनी. नाकावर बोट म्हणजे साहेब येतोय. तळहात खाली दाबला म्हणजे सावकाश. दोन्ही मुठी छातीवर फुलीसारख्या धरल्या म्हणजे मशीन थांबव, ताबडतोब, प्रश्न विचारू नकोस. ही करपल्लवी मला ओट्यापाशी उभे करून तुम्ही शिकवलीत आणि आज्ञा केलीत की प्रत्येक फेरीनंतर कुंपणाकडे बघायचे. मुलुंडच्या बाजूच्या ज्या तरणतलावावर मी दर रविवारी शिकायला जाई, तिथे पालकांना आत प्रवेश नव्हता. तुम्ही जाळीच्या कुंपणाबाहेर उभे राहत असा.

आज्ञेत एकच त्रुटी होती. तिथे इतर मुलेही होती. 'ए गादीवाला आला रे!', 'काय रे, कापूस पिंजून देतोस काय?' कापसातूनसुद्धा हे बरोबर ऐकू येते. अपमानाला कर्णपटलाची गरज नसते. त्यात कुंपणाबाहेरचा माझा बाप हातवारे करतोय. दोन रविवार मी बघितले. तिसऱ्या रविवारी ठरवले की बघायचेच नाही.

त्या दिवशी मी मान वर धरून, बदकाच्या प्रतिष्ठेने, पोहत सुटलो. कापसाच्या आतली ती शांतता मला फार आवडत असे. स्वतःच्या श्वासाचा आवाज, बाकी जग बरखास्त. उथळ भागाची दोरी कधी ओलांडली ते कळलेच नाही. मागे पोहायला शिकवणाऱ्या सरांची शिट्टी वाजत होती म्हणे. वर उडी मारायच्या फळीवर एक थोराड मुलगा धावत निघाला होता, डोळे मिटून. मला दिसले ते एवढेच, की काठावरच्या सगळ्या मुलांची तोंडे उघडी आहेत आणि त्यांतून काहीच बाहेर पडत नाही. ती सगळी माझ्याकडे बघत होती. मग, लाज विसरून, सवयीने नव्हे, निव्वळ भीतीने, मी कुंपणाकडे पाहिले.

तुम्ही कुंपणाच्या कठड्यावर चढला होतात. ज्या हातांनी जाळी धरायला हवी होती ते दोन्ही हात छातीवर फुलीसारखे. चप्पल खाली पडलेली. तुम्ही ओरडत नव्हतात. ओरडण्यावर तुमचा विश्वास उरलाच नव्हता. मी हातपाय आवरले. माझ्यापुढे हातभर अंतरावर तो मुलगा पोत्यासारखा कोसळला, लाट तोंडावर आली, मी खाली गेलो आणि डाव्या कानात काहीतरी थंड सरकले.

सरांनी मला बाहेर काढले. तुम्ही पहारेकऱ्याला बाजूला सारून आत शिरलात आणि सगळ्यात आधी माझा कान खाली करून झटकलात. सोलवटलेल्या नडगीतून तुमचे रक्त येत होते. मग घड्याळ. मी ऐकले. काही नाही. 'आयकाक येता?' मी नाही अशी मान हलवली. तुम्ही सेकंदकाट्याकडे पाहिलेत. तो चालू होता. तो बंद असता तर बरे झाले असते, असे त्या क्षणी तुमच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिले होते.

पुढे कान ठणकला, वाहिला, औषधाचे थेंब सुरू झाले. आई तुमच्याशी बोलेना, आणि तुम्हाला तिचे न बोलणे फार मोठ्याने ऐकू येत असावे. तुम्ही कामावरून येऊन, हात धुऊन, रोज घड्याळ लावायचात. रोज मी मान हलवायचो. काटा बघायचात आणि घड्याळ मनगटावर चढवायचात. पावसाळा सरत आला तेव्हा एका संध्याकाळी, शेजारच्या घरात मुंगी चालावी तसे काहीतरी आले. टिक. मी छातीवर मुठींची फुली केली आणि ती उघडली: मशीन चालू. तुम्ही आईकडे पाठ फिरवून बराच वेळ खिडकीचा गज पुसत राहिलात. त्या गजावर धूळ नव्हती.

परवाची गोष्ट सांगतो आणि थांबतो. तुमची नात तलावात होती, तात्पुरती बाजारातली बुचे घालून. एक पोरगा फळीवरून धावत निघाला. ती फळीपासून बरीच लांब होती. तरी माझ्या मुठी छातीवर आल्या. त्याच वेळी मी तिला हाकही मारली. ती लगेच वळली, काठाशी आली आणि म्हणाली, 'ओरडताय कशाला बाबा? ऐकू येतंय मला. आणि हे काय, योगा करताय?' मी अत्यंत गांभीर्याने हो म्हणालो.

हे पत्र टाकायचे नाहीच. तुम्हाला जे सांगायचे ते कागदावरून सांगण्याची आपली रीत नव्हती. फक्त एवढे मान्य करतो: तिने हाक ऐकली याचा मला परम आनंद झाला, आणि तिने माझ्या हातांकडे बघून थांबायला हवे होते, असेही वाटले.