दसऱ्याची शिफ्ट

विंडसर,
२५ सप्टेंबर २०२५

प्रिय सुरेखा,

कागदाच्या मागचा फोटो बघून गोंधळू नकोस. तालियाच्या शाळेच्या प्रोजेक्टचे हे कागद एका बाजूनं कोरे होते, टाकवेनात. फोटोतली माणसं नदीपलीकडच्या देशातली, सव्वाशे वर्षांपूर्वी बोटीनं येऊन पोलादाच्या कारखान्यात राबलेली. नात इंग्रजीत वाचत होती, मी मेथी निवडता निवडता अर्थ विचारत होते. रोज बारा तास काम, आणि पंधरवड्यातून एकदा शिफ्ट बदलताना सलग चोवीस तास, तेही रविवारी. दे कुडन्ट इव्हन गो टू चर्च, आजी, म्हणाली. मी विचारलं, मग एखादा गेलाच प्रार्थनेला, तर त्याच्या मशीनवर कोण उभं राहायचं? म्हणाली, ते पुस्तकात नाही. माझ्या हातातली जुडी तशीच राहिली.

तुम्ही आमच्या बेसमेंटमध्ये राहायला आलात तो पहिला हिवाळा आठवतो? तुला बूट कसे घालायचे माहीत नव्हतं आणि ईश्वरभाऊजी शोव्हल घेऊन सगळ्या ड्राइव्हवेवरचा बर्फ काढून यायचे. आमचे हे आणि भाऊजी एकाच प्लँटमध्ये, एकाच प्रेसवर पत्रे दाबायला. आमच्या ज्यू घरात नवसाचा मलिदा झाला की पोह्यांतलं खोबरं आधी वेचायचे आणि वर मलाच म्हणायचे, वहिनी, तुमचा एलियाहू हनाबी आमच्या गावाकडचाच असणार, नारळाशिवाय चालत नाही त्याला! मी त्यांना पळी दाखवायची.

गेल्या आठवड्यात फोनवर तू म्हणालीस, लेक शुभंकरही तिथेच, कराडला नोकरीला लागला. देवाची कृपा. मग म्हणालीस, पितृपक्षात पान वाढलं, पण मनातला राग जात नाही. गेल्या दसऱ्याच्या दिवशी श्रीखंड-पुरी टाकून ओव्हरटाइमला गेला, हाव नडली माझ्या माणसाला. हेच तू फ्युनरल होममध्येही म्हणाली होतीस. तेव्हा मी तुझा हात धरला, पण खरं सांगितलं नाही. फोनवरही नाही सांगितलं.

सुरेखा, त्या शनिवारी आमचा दारफाळणीचा सणही होता, वर्षाचा सगळ्यात मोठा उपास. सूर्य मावळताना दयेचं दार लागतं म्हणतो आम्ही. आणि प्लँटनं नेमका त्या दिवशी यांना ओव्हरटाइम लावला. हे म्हणाले, अर्ज देतो, सणाची सुट्टी मागतो. मीच अडवलं. म्हटलं, सुपरवायझरच्या डोळ्यांवर कशाला यायचं, भाऊजींना बदलीसाठी विचारा. भाऊजी दारात उभे राहून हसले. म्हणाले, वहिनी, दसरा संध्याकाळीही होतो, तुमचं दार मात्र थांबायचं नाही. सुरेखाला मीच सांगीन, आधी बोलाल तर श्रीखंड मिळायचं नाही मला. जाताना माझ्या कुंडीतलं झेंडूचं फूल घेतलं, मशीनला वाहायला.

प्रेसवर अपघात झाल्यावर तू हॉस्पिटलमधून चार वेळा फोन केलास. सणाचा दिवस म्हणून आम्ही उचलला नाही. पुढे आमचे हे तुला सगळं सांगायला निघाले होते. मी म्हटलं, सांगून भाऊजी परत येणार आहेत का? तेव्हापासून हे जेवताना माझ्याकडे बघत नाहीत.

पुढच्या गुरुवारी पुन्हा तोच सण आहे. देवाचा अपराध देव माफ करतो, पण माणसाच्या अपराधाची माफी त्या माणसाकडेच जाऊन मागावी लागते, हे मला लहानपणापासून माहीत आहे. तू माफ करशील असं धरून मी लिहीत नाही. या दसऱ्याला तू त्यांच्या फोटोला हार घालशील, तेव्हा राग त्यांच्यावर धरू नकोस एवढंच. हाव नव्हती गं त्यांना. ते आमच्या जागी उभे होते.

तुझीच,
जेमिमा