जात्याविना रेकॉर्ड

सोलापूर, रविवार, फेब्रुवारी १९७८

लिही गं रूथ, आणि आजी रुसली असं मधेच घुसडू नकोस.

माझा नातू दानिएल विजेच्या गिटारीवर येशूची गाणी म्हणतो. दहा वर्षांतली निवडक गाणी एकत्र करून त्याची मोठी रेकॉर्ड निघाली. तीही दोन तऱ्हांची: एक मुंबईत निघालेली, एक विलायतेत. आज उपासनेनंतर मुंबईची लावली. माझा आवाज ऐकायला शेजारणींना मुद्दाम बोलावलं होतं. दोन्ही बाजू संपल्या, पण जातं काही वाजलं नाही. जातं म्हणजे माझ्या ओवीवर बांधलेलं त्याचं गाणं. सुरुवातीला मीच गाते, जात्याच्या घरघरीसकट. मला कुठलं वाचता येतंय? रूथकडून कव्हरावरची यादी दोनदा वाचून घेतली. नाहीच.

"आजी, ते विलायतेच्या रेकॉर्डवर हाय," दान्या खाली बघत म्हणाला. "कंपनीवाले म्हणाले, हितल्या लोकांना जातं जुनाट वाटतं. तिकडं त्याचं लई नवल."

"म्हंजी तुला ऐकायला सोलापूर पुरतंय, आन मला ऐकायला विमान पायजे व्हय रं?"

शेजारणी हसल्या. तोही हसला. मला वाईट वाटलं का? थोडं. हे लिहिलं नाहीस तरी चालेल.

उद्या ज्वारी गिरणीत न्यायची नाही. सकाळी जातं मांडते. दार तेवढं उघडं ठेव, रूथ.