टोपली मी काढून नेली

शौकी,
तुझं तोंड बघायचं नाही, म्हणून लिहून ठेवतेय. कामात व्यत्यय नको म्हणून तू फोन असा लावून ठेवलास, की लागोपाठ दोनदा केला तरच वाजणार म्हणे! अरे, अख्ख्या कैरोत लोक खालून एकच मिस्ड कॉल देतात आणि वरचा माणूस बाल्कनीतून दोरीच्या टोपलीत खालच्या दाराची किल्ली सोडतो. हे तुला माहीत नव्हतं? आपली आई तुझ्यासाठी महशीचं, भरल्या भाज्यांचं, पातेलं घेऊन आली, एकदाच फोन करून खाली उन्हात उभी राहिली आणि चक्कर येऊन पडली. शेजाऱ्यांनी मला बोलावलं. "परत का नाही केलास फोन?" मी तिला विचारलं, तर म्हणते, "त्याचं काम मोडलं असतं."
तिला माझ्या घरी नेतेय. तुझ्या बाल्कनीतून खाली लोंबणारी टोपलीही दोरीतून काढून नेलीय. आता कोणी हाक मारणार नाही. बस शांत.
इनास