पांढरा रुमाल

पिंपरी, ३ मे १९८३

सौ. यशोदास सप्रेम जयभीम.

मी बरा आहे, दोन्ही वेळा जेवतो. संप शांततेत चालू आहे. बाळीचा खोकला थांबला का?

आपल्या खोलीवर सुकट-भाकरी खाऊन गेलेला स्पेनचा फिटर आठवतो ना? त्याने दिलेला त्याच्या बिल्बाओ गावच्या फुटबॉल क्लबचा लाल-पांढरा मफलर या उन्हातही माझ्या गळ्यात असतो. हसू नकोस. रविवारी त्यांचा लीगचा शेवटचा सामना होता. निकाल तो फिटर कंपनीच्या टेलेक्सवर कळवतो आणि आम्ही पडलो गेटबाहेर. स्टाफशी बोललं की युनियनवाले फितूर म्हणतात. म्हणून टेलेक्सवाल्या जयसिंगला चोरून निरोप धाडला होता, जिंकले तर बसमधून रुमाल हलव.

काल संध्याकाळी स्टाफची बस बाहेर पडली. पोलीस, शिव्या, एकदोन दगड, आणि खिडकीत पांढरा रुमाल! मी "जिंकलो!" म्हणून ओरडलो. मागचेही ओरडले. बघता बघता सगळं गेट नाचायला लागलं, कुठूनसा गुलाल आला. त्यांना वाटलं, कंपनी नमली.

खरं सांगितल्यावर कोणी मारलं नाही मला. साहेबराव तोंडावरचा गुलाल पुसत एवढंच म्हणाला, "आता घरी काय सांगू रं?"

पण आपल्या गावचा भैरू खरं कळायच्या आधीच एसटीने गावाकडे निघून गेला होता. संप मिटला म्हणून त्याने गावभर सांगितलं असेल. तो खोटारडा नव्हे, चूक माझी. त्याच्या आईला तू समजाव. आणि त्याला म्हणावं, लगेच परत ये. गेटवर रोज माणसं कमी होताहेत.

तुझाच,
किसन