पिंपाला कुलूप

१७ एप्रिल १९७३, मंगळवार
झालं एकदाचं! मधल्या खोलीच्या खिडकीत वाळ्याची ताटी बसवली. बाहेर भिंतीलगत दगडांवर तेलाचं जुनं पिंप, सोड्यानं तीनदा धुतलेलं. त्याला भोकं पाडलेली नळी. थेंब थेंब पाणी वाळ्यावर, आत टेबलफॅन — अख्खं घर ओलसर! कुणा मिस्त्रीला हात लावू दिला नाही. विहिरी आटल्या, पारनेरात माझ्या गॅरेजात पाण्याचं एक इंजिन दुरुस्तीला येत नाही. वेळच वेळ.

सगळं रंगूसाठी. आठवा महिना, आणि या कोरड्या झळांनी तिचा घोळणा रोज फुटतोय. डॉक्टर म्हणाले, "हवा ओली ठेवा. आणखी रक्त जाता कामा नये."

१९ एप्रिल
आज रक्त आलं नाही! पण पिंप निम्म्याच्या खाली. टँकर चौथ्या दिवशी येतो, तोवर पुरायलाच पाहिजे. पाणी जातंय कुठं?

२० एप्रिल
पिंपात खडूनं खूण केली होती. संध्याकाळी खडखडाट. रंगू म्हणते, "हवाच पीत आसंल." हवा एवढं पाणी पिते होय? मी नाही मानत.

२२ एप्रिल, रविवार
सापडलं! कुंपणाच्या भिंतीवर हंड्याच्या बुडाचा ओला गोल. पलीकडं कोण, तर छबूबाई. दोन वर्षांमागं याच भिंतीवरनं भांडलो तेव्हा चारचौघांत बोललो होतो — तुझ्या घरचं पाणी तोंडाला लावणार नाही. त्याचा डूख धरलाय बाईनं!

रंगूला सांगितलं तर, "जाऊ द्या ना. ती तसली न्हाई." दोघींचं माहेर काष्टी, म्हणून बाजू घेते. पण बोलताना माझ्याकडं बघत नव्हती. हिलाही माहीत आहे काहीतरी.

२४ एप्रिल
दुपारी गॅरेजातनं मुद्दाम लवकर आलो. छबूबाई भिंतीपाशी, हंडा हातात. मला बघितल्याबरोबर आत पळाली. आता आणखी काय पुरावा पाहिजे?

२५ एप्रिल
टँकर आला. पिंप काठोकाठ. झाकणाला कडी-कोयंडा मारला, कुलूप ठोकलं. किल्ली करगोट्याला. रंगू रडली — "नका हो लावू कुलूप!" रडण्यासारखं काय आहे त्यात?

२७ एप्रिल
सकाळीच पिंप कोरडं! कुलूप शाबूत. नळी चाचपली, गळती नाही. छबूबाईचा हात पोचणं शक्यच नाही. मग आधी तीन-साडेतीन दिवस जाणारं पाणी दोन दिवसांत कसं आटलं?

ताटी वाळून कडकडीत. दुपारी रंगूचा घोळणा असा फुटला की दोन टॉवेल भिजले. चक्कर येऊन पडली. डोकं मांडीवर घेऊन बसलो. फार भ्यालो मी.

२८ एप्रिल
रंगूनं सांगितलं. "ती नेत नव्हती, वतत हुती. रोज तिच्या वाट्याचे तीन हंडे. तुमाला कळलं तर सांडून द्याल म्हून मला शपथ घातली हुती."

खरं आहे. सांडूनच दिलं असतं.

कुलूप काढलं. छबूबाई हंडा घेऊन आली. मी झाकण उघडून धरलं. पिंपात पाणी ओतता ओतता म्हणाली, "तुमच्यासाठी न्हाई, आमच्या काष्टीच्या लेकीसाठी हाय."

हंड्याच्या तळाशी घोटभर उरलं होतं. ओंजळ पुढं केली. प्यालो.